गाडी विजेची, हिशेब स्लॅबचा

एक लिटर पेट्रोलात साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. नऊ युनिट म्हणजे घरातला पंखा पाच दिवस अखंड फिरेल इतकी. पेट्रोलची गाडी एवढ्या ऊर्जेत पंधरा-सोळा किलोमीटर जाते आणि तिच्याच आकाराची विजेची गाडी तेवढ्यात पन्नासच्या पुढे जाते. कारण इंजिन जाळलेल्या पेट्रोलाची तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा बॉनेटखाली नि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून सोडून देते, तर विजेची मोटर आलेल्या विजेतली दहा-पंधरा टक्केच वाया घालवते. भौतिकशास्त्राच्या बाजूने निकाल इथेच लागला. पण सांगली जिल्ह्यातल्या शिराळ्यातल्या घराला बिल पाठवते ती महावितरण, आणि तिचा हिशेब जरा वेगळा आहे.

शोरूममध्ये सांगतात, ‘किलोमीटरला रुपया पडतो.’ ते खोटे नसते, अर्धे असते. वीज युनिटला सहा-सात रुपयांनी मिळाली तर रुपयाच्या आसपास पडतो. मात्र घरगुती विजेचा दर एक नसतो, त्याच्या पायऱ्या असतात. 2024-25 च्या दरपत्रकात पहिल्या 100 युनिटांना वहन आकार धरून 5 रुपये 88 पैसे, 101 ते 300 ला 11 रुपये 46 पैसे, 301 ते 500 ला 15 रुपये 72 पैसे आणि 500 च्या वर 17 रुपये 81 पैसे असा दर होता. त्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे खिशातून जाणारे पैसे अनुक्रमे 6.82, 13.29, 18.24 आणि 20.66 रुपये. कधी इंधन समायोजन आकार लागतो, तो आणखी वेगळा. 2025 च्या जुलैपासून आकडे थोडे इकडेतिकडे झाले, पायऱ्या आहेत तशाच आहेत. दोन्हीकडचे भाव एकाच वर्षाचे राहावेत म्हणून पुढचा सगळा हिशेब 2024-25 च्याच दराने करतो. तुमच्या हातातल्या बिलावरचा दर घालून तो तुम्हाला पुन्हा मांडता येईल.

आता मुद्दा असा. गाडीला लागणारी वीज घराच्या विजेवर चढते, तिच्या खाली जात नाही. फ्रिज, टीव्ही, चार पंखे आणि पाण्याची मोटर असलेले घर आधीच 90 युनिट वापरत असेल, तर स्वस्तातली फक्त दहा युनिटे गाडीच्या वाट्याला येतात. बाकी सगळी दुसऱ्या पायरीवरून सुरू होतात. बिलाला युनिटांनी भागून जो सरासरी दर निघतो तो इथे कामाचा नाही. गाडी घेतल्यावर वाढलेले प्रत्येक युनिट कोणत्या दराने पडले, तेवढेच बघायचे. नेमके हेच फारसे कुणी बघत नाही.

आकडे मांडू. विजेची लहान कार बॅटरीतल्या एका युनिटवर सात किलोमीटर जाते. पण मीटरवर पडलेले सगळे बॅटरीत पोचत नाही. चार्जर आणि बॅटरी दोन्ही गरम होतात, त्यात दहा-पंधरा टक्के जातात. म्हणून मीटरच्या युनिटला सहा किलोमीटर धरणे बरे. 100 किलोमीटरला झाली पावणेसतरा युनिटे. ती पहिल्या पायरीवर मिळाली तर 114 रुपये, दुसऱ्या पायरीवर 222, तिसऱ्या पायरीवर 304. गाडी तीच, रस्ता तोच, आणि खर्च अडीच पटींहून जास्त वेगळा.

समोर पेट्रोल ठेवा. लिटरला 105 रुपये आणि ॲव्हरेज 16 चे धरले, तर 100 किलोमीटरला 656 रुपये. डिझेल 91 रुपये आणि ॲव्हरेज 19 धरले तर 479. सीएनजी किलोला 90 रुपये आणि 23 किलोमीटर धरले तर 391. तेव्हा वीज तिसऱ्या पायरीवरची असली तरी पेट्रोलच्या निम्म्याहून कमीच पडते. वीज महाग झाली म्हणून गाडी तोट्यात जाते, असे घरच्या चार्जिंगवर कुठेही होत नाही. फायदा आकसतो, एवढेच. पण तो किती आकसतो यावर गाडीची जादा किंमत किती वर्षांत फिटणार ते ठरते, म्हणून पायरी महत्त्वाची.

पेट्रोलच्या 105 रुपयांत तेल किती आणि कर किती, हेही लक्षात असू द्या. केंद्राचे उत्पादन शुल्क वीस रुपयांच्या आसपास, आणि मुंबई परिसर सोडून उरलेल्या महाराष्ट्रात 25 टक्के मूल्यवर्धित कर अधिक लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. दोन्ही मिळून लिटरमागे चाळीस रुपयांच्या वर सरकारकडे जातात. विजेच्या बाजूला, वरच्या पायरीवरचे ग्राहक जे जास्त भरतात, त्यातून खालच्या पायरीची वीज स्वस्त ठेवली जाते. म्हणजे आपण दोन इंधनांची तुलना करतो तेव्हा खरे तर सरकारच्या दोन धोरणांची तुलना करत असतो. उद्या विजेवरच्या गाड्या वाढल्या आणि पेट्रोलचा कर आटला, तर तो दुसरीकडून वसूल होणारच. तो कुठून होईल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा आजचा हिशेब नीट करावा.

शिराळ्यात या तुलनेला आणखी एक पदर आहे. हा उसाचा भाग. देशात पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळायचे उद्दिष्ट 2025 मध्ये गाठले गेले, आणि त्यातले काही इथेनॉल उसापासून येते. वाळवा-शिराळ्यातल्या शेतकऱ्याचा पैसा अशा रीतीने पेट्रोल पंपाशी बांधला गेला आहे. दुसरीकडे, साखर कारखाने चिपाडावर वीज तयार करून ग्रीडला विकतात, म्हणजे ऊस विजेच्या बाजूलाही उभा आहे. गाडीवाल्याच्या दृष्टीने इथेनॉलची गोष्ट सरळ आहे: त्याच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ॲव्हरेज प्रत्यक्षात किती घटते ते इंजिनावर अवलंबून आहे, आणि त्यावरून वादही भरपूर झाले. पंपावरचा भाव मात्र त्यासाठी उतरला नाही.

आणि गाडीतली वीज येते कुठून? शिराळ्याच्या माणसाला हा प्रश्न दूरचा नाही. पश्चिमेला वारणेवर चांदोलीचे धरण आहे, त्याच्या पायथ्याशी 16 मेगावॅटचे वीजघर आहे. गुढे-पाचगणीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. डोंगर ओलांडला की पाटण तालुक्यात कोयना, जिथली पहिली वीज 1962 साली निघाली आणि जिथे आज जवळजवळ 1960 मेगावॅटची क्षमता आहे. एवढे सगळे शेजारी असूनही घरातल्या सॉकेटमध्ये येते ती साऱ्या राज्याच्या ग्रीडची वीज, आणि त्यात मोठा वाटा चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाचा आहे. कोळशाच्या वीजकेंद्रातही दोन तृतीयांश उष्णता वायाच जाते. तेव्हा इंजिनातला अपव्यय पुष्कळ अंशी टळतो, आणि काही अंशी नुसता चंद्रपूरला हलतो. धूर गावातून जातो हे मात्र खरे.

आता एका घराचा पूर्ण महिना मांडू. घरचा वापर 90 युनिट. गाडी महिन्याला 1500 किलोमीटर फिरते. नोकरीला रोज इस्लामपूर म्हणजे आताच्या ईश्वरपूरला जाणे-येणे आणि अधूनमधून कोल्हापूर-कराड केले की एवढे सहज होते. गाडीला लागली 250 युनिटे. पहिली दहा 6.82 ने, पुढची 200 युनिटे 13.29 ने आणि उरलेली 40 युनिटे 18.24 ने. बेरीज 3,456 रुपये. किलोमीटरला 2 रुपये 30 पैसे. शोरूमच्या रुपयाच्या दुपटीहून जास्त. पेट्रोलला याच अंतरासाठी 9,840 रुपये लागले असते. महिन्याला वाचले 6,384.

दुसरे घर घ्या. एसी आहे, गीझर आहे, वापर आधीच 280 युनिट. गाडी तेवढीच फिरली तर 250 पैकी फक्त 20 युनिटे दुसऱ्या पायरीवर बसतात, 200 तिसऱ्या आणि 30 चौथ्या पायरीवर. बिल वाढते 4,534 रुपयांनी. वाचतात 5,306. एकाच गल्लीत, एकाच कंपनीच्या गाडीवर महिन्याला हजाराहून जास्त फरक पडला, आणि तो गाडीमुळे पडलेला नाही.

यावर इलाज आहेत. महावितरणकडे विजेच्या वाहनांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे. तिला पायऱ्या नाहीत, आणि तिचा दर घरगुतीच्या वरच्या दोन पायऱ्यांपेक्षा बराच खाली असतो. त्यासाठी वेगळे मीटर घ्यावे लागते आणि त्याचा स्थिर आकार दर महिन्याला भरावा लागतो. थोडे फिरणाऱ्याला ते परवडत नाही, वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या घराने मात्र त्याची चौकशी जरूर करावी. स्वतःची गाडी घरच्या मीटरवर घरगुती दराने चार्ज करायला मुभा आहे, त्यामुळे वेगळे मीटर सक्तीचे नाही.

दुसरा इलाज छपरावरचा. पीएम सूर्यघर योजनेत 2024 पासून तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. असा संच आपल्याकडच्या उन्हात महिन्याला सरासरी साडेतीनशे युनिटे देतो. नेट मीटर असेल तर दिवसा ग्रीडला दिलेली वीज घराच्या वापरातून वजा होते, आणि घर पुन्हा खालच्या पायरीवर येते. म्हणजे सौर संच सगळ्यात आधी वाचवतो ती महागडी युनिटे. गाडी आणि सौर संच एकमेकांना पूरक आहेत असे सगळे म्हणतात, त्याचे खरे कारण हे आहे. फक्त चरण-आरळ्याच्या बाजूला जून ते सप्टेंबर आभाळ क्वचितच उघडते. त्या चार महिन्यांत संच निम्मेच देईल असे धरून चालावे.

वेळेचेही गणित बदलले. पूर्वी रात्रीची वीज स्वस्त मानली जायची, कारण कारखाने थंडावल्यावर तिला गिऱ्हाईक नसे. आता दुपारी सौर वीज उदंड झाली आहे. म्हणून 2025 च्या जुलैपासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे सुरुवातीला 80 पैशांची सवलत ठेवली गेली. नोकरदाराची गाडी तेव्हा कामावर उभी असते, त्याला याचा उपयोग नाही. दुपारी अंगणात गाडी उभी असलेल्या शेतकरी घराला आहे.

तिसरा एक ‘इलाज’ काही जणांच्या मनात येतो, तोही बोलून टाकू. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना 2024 पासून वीज मोफत आहे. मग मळ्यातल्या मोटारीच्या पेटीवरच गाडी लावली तर? तसे करू नका. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याव्यतिरिक्त वापर केला तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली लागू दराच्या दुपटीने आकारणी होते. शिवाय शेतीच्या फीडरला वीज ठरावीक तासच असते आणि तिचा दाब वरखाली होतो. गाडीचा चार्जर काही विहिरीवरची मोटर नव्हे.

घरच्या वायरिंगकडेही बघावे लागते. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवरचा चार्जर तीन किलोवॅटच्या पुढे ओढतो, आणि गावाकडच्या कितीतरी घरांचा मंजूर भार एक किलोवॅट असतो. भार वाढवून घेणे, मीटरपासून स्वतंत्र जाड वायर टाकणे आणि अर्थिंग नीट करणे हा खर्च किमतीत धरा. डीपीपासून शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीवर संध्याकाळी व्होल्टेज पडते, तेव्हा चार्जर स्वतःहून बंद होतो. पावसाळ्यात झाड तारांवर पडून लाईट गेली तर पश्चिम भागात ती कधी येईल याचा भरवसा नसतो. त्या बाजूच्या माणसाने बॅटरी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये.

लांबच्या प्रवासाची गोष्ट निराळी. हायवेवरच्या फास्ट चार्जरचा दर 18 टक्के जीएसटी धरून युनिटला 18 ते 25 रुपये असतो. त्या जागेला मोठी जोडणी लागते, ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि दिवसातून चारच गाड्या आल्या तरी स्थिर आकार भरावाच लागतो. त्यात हायवेचा वेग. शंभराच्या वेगाने हवेचा अडथळा पन्नासच्या वेगाच्या चौपट होतो. पेट्रोलची गाडी गावात दर चौकात थांबून जी ॲव्हरेज घालवते ती हायवेला भरून काढते. विजेची गाडी गावात उत्तम देते आणि हायवेला कमी देते. युनिटला साडेपाच किलोमीटर आणि 22 रुपये दर धरला तर किलोमीटरला चार रुपये झाले. हायवेला 18 देणारी पेट्रोल गाडी 5.83 ला पडते, 20 देणारी डिझेल 4.55 ला, आणि 25 देणारी सीएनजी 3.60 ला. म्हणजे पेठ नाक्यावरून पुण्याच्या वाटेला लागल्यावर सगळे चार्जिंग बाहेरच करणार असाल, तर सीएनजीवाला तुमच्यापेक्षा स्वस्तात जातो. टोलही वाचत नाही: राज्याच्या 2025 च्या धोरणातली पूर्ण टोलमाफी अटल सेतू, पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गाला आहे, तासवडे किंवा किणीच्या नाक्याला नाही.

घाटात मात्र विजेची गाडी जिंकते. दीड टनाची गाडी 500 मीटर उंच चढवायला सुमारे दोन युनिटे जादा लागतात. पेट्रोल गाडी तेवढीच उंची उतरताना ती ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात घालवते. विजेच्या गाडीची मोटर उतारावर जनित्र होते आणि निम्म्याहून जास्त परत बॅटरीत भरते. कोकरूड-मलकापूरवरून आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जाणाऱ्याला खाली पोचल्यावर चार्ज वाढलेला दिसतो. परतीला तो मोजूनमापून खर्ची पडतो, हे विसरू नये.

राहिली किंमत. महाराष्ट्रात दहा लाखांखालच्या पेट्रोल कारला 11 टक्के रोड टॅक्स आहे, विजेच्या कारला माफ. जीएसटी विजेच्या गाडीला 5 टक्के. पण लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 वर आला आणि वरचा उपकरही गेला, त्यामुळे फरक पुन्हा रुंदावला. रस्त्यावर येईपर्यंत विजेची गाडी अडीच लाखांनी महाग पडली असे समजू. महिन्याला 1500 किलोमीटर फिरणाऱ्या पहिल्या घराला ते पैसे 39 महिन्यांत फिटतात. अशाच घरात महिन्याला 500 किलोमीटरच फिरणाऱ्याची बचत साधारण 2,240 रुपये. त्याला सव्वानऊ वर्षे लागतील, आणि बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात. ऑइल, क्लच, फिल्टर यांचा खर्च वाचेल आणि सव्वानऊची साडेआठ वर्षे होतील, यापेक्षा फार काही होणार नाही. कर्जाचे व्याज तर मी धरलेलेच नाही.

सगळ्यात चोख हिशेब स्कूटरचा बसतो, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते. विजेची स्कूटर मीटरच्या युनिटला तीसेक किलोमीटर जाते. सकाळ-संध्याकाळ दूध घालणारा किंवा एमआयडीसीत कामाला जाणारा माणूस महिन्याला 1000 किलोमीटर फिरला, तर लागतात 33 युनिटे. घरचा वापर 60 असेल तर एकूण 93. पायरी ओलांडलीच नाही. खर्च 225 रुपये. पेट्रोलची स्कूटर 45 ची ॲव्हरेज देऊनही 2,333 रुपये खाते. जवळजवळ दहापट फरक, आणि त्यासाठी ना मंजूर भार वाढवावा लागतो, ना वेगळे मीटर घ्यावे लागते.

तेव्हा बुकिंगचे पैसे भरण्याआधी मागच्या बारा महिन्यांची बिले समोर घ्या. युनिटांचा आकडा बघा, रुपयांचा नको. त्यात गाडीची युनिटे मिळवा: महिन्याचे किलोमीटर भागिले सहा. बेरीज 300 च्या आत राहत असेल आणि फिरणे हजाराच्या पुढे असेल तर खुशाल घ्या. 300 च्या वर जात असेल तर आधी महावितरणच्या कार्यालयात वेगळ्या मीटरची चौकशी करा, मग शोरूमला जा. आणि महिन्याला पाचशे किलोमीटरही होत नसतील, तर कार आहे तीच चालवा आणि घरातली पेट्रोलची स्कूटर बदला.